सोमवारी सकाळी त्या मुलांनी जायचं कुठे?

पुण्यात ड्रग्जची मोठी बातमी आली की पुढचे दहा-पंधरा दिवस सगळीकडे तोच विषय, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कट्ट्यावर, आमच्या दुकानातसुद्धा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी विश्रांतवाडीपासून कुरकुंभ एमआयडीसी आणि पार दिल्लीपर्यंत जाऊन १७०० किलोच्या वर एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग, पकडलं, किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे, तेव्हा तर लोकांना तो आकडाच पचेना. मग मे महिन्यात कल्याणीनगरचा अपघात, सतरा वर्षांचा मुलगा, आधी पब आणि मग गाडी, आणि दोन तरुण इंजिनियर जिवानिशी गेले. मग जूनमध्ये एफसी रोडच्या पबच्या टॉयलेटमधला तो व्हिडिओ. त्यानंतर महापालिकेने बेकायदा पबवर हातोडा टाकला, लायसन्स तपासली गेली, वेळ पाळा म्हणून तंबी मिळाली.

हे करायलाच हवं होतं, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. माल कुठून आला, कोणी विकला, कोणाचा हप्ता होता हे विचारायलाच पाहिजे. पण या गदारोळात एक गोष्ट कोणीच विचारत नाही की ज्या पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी शनिवारी रात्री काहीतरी घेतलं आणि त्या भरात नको ते होऊन बसलं, त्यांनी सोमवारी सकाळी जायचं कुठे? घरी सांगायची सोय नाही, कॉलेजात कळलं तर काढून टाकतील, डॉक्टरकडे गेलं तर पोलीस केस होईल अशी भीती. मग ती मुलं येतात मेडिकलच्या काउंटरवर. म्हणजे माझ्याकडे.

मी फार्मासिस्ट आहे, कर्वेनगर भागात आमचं मेडिकल आहे, नवरा आणि मी मिळून बरीच वर्षं चालवतोय. आजूबाजूला कॉलेजं, हॉस्टेलं, कॉट बेसिसवरच्या खोल्या, अभ्यासिका, त्यामुळे गिऱ्हाईक निम्मं तरुणच. आणि इथे बसून मला एवढं पक्कं कळलंय की आपण ज्याला 'ड्रग्जचा प्रश्न' म्हणतो आणि ज्याला 'लैंगिक आरोग्याचा प्रश्न' म्हणतो ते मुलांच्या आयुष्यात वेगळे नसतातच, एकाच रात्रीत दोन्ही घडतात. आपण मात्र एक पोलिसांकडे दिलाय, दुसरा गायनॅककडे, आणि दोन्हीकडच्या दारावर आत जायला पालक लागतात.

एमडीचंच घ्या. ते घेतलं की झोप उडते, भीती जाते, समोरचा माणूस एकदम जवळचा वाटायला लागतो, शरीराची इच्छा वाढते आणि थांबावं असं सांगणारा मेंदूचा भाग गप्प होतो. दोन-तीन तासांत उतरतं आणि उतरलं की परत घ्यावंसं वाटतं, असं रात्रभर. अशा वेळी खिशात कंडोम असला तरी तो खिशातच राहतो. दारूचं पण तेच, आणि खरं सांगायचं तर पोरांमध्ये एमडीपेक्षा दारूच जास्त आहे, फक्त तिची बातमी होत नाही. कायद्याने महाराष्ट्रात बिअर २१ शिवाय नाही आणि हार्ड लिकर २५ शिवाय नाही, पण पानशेत-मुळशीकडच्या फार्महाऊसवर कोण कोणाचं वय विचारतंय. एमडी घेणाऱ्या मुलांचं शरीर ऐन वेळी साथ देत नाही, मग सतरा-अठरा वर्षांचं पोर येऊन सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची गोळी मागतं. आधीच हृदय धावतंय आणि त्यावर ही गोळी. मी देत नाही, पण कुठेतरी मिळते त्यांना, हे मला माहितीये.

मुली येतात त्या आय-पिल मागायला. बहुतेक वेळा मैत्रीण येते, जिला हवी ती बाहेर स्कूटीवर बसून राहते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी एकटीच आली, दुपारी अडीच-तीनला, दुकानात कोणी नाही असं बघून. पाठीवर कॉलेजची सॅक, ओढणीने चेहरा बांधलेला, पुण्यात सगळ्याच बांधतात तसा, पण दुकानात आल्यावरही तिने सोडला नाही. "काकू, आय-पिल." मी म्हटलं कधी झालं गं? मी हे सगळ्यांना विचारते कारण ती गोळी ७२ तासांच्या आतच घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती बोटांवर मोजायला लागली आणि मग थांबली, म्हणाली "शुक्रवारी." त्या दिवशी मंगळवार होता. मी म्हटलं अगं मग आता या गोळीवर भरवसा ठेवून चालणार नाही, पण पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडे गेलीस तर कॉपर टी बसवून घेता येते, तो मार्ग अजून आहे. ती म्हणाली डॉक्टरकडे नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "मला नीट आठवतच नाही ना काय झालं ते. काहीतरी दिलं होतं त्यांनी ड्रिंकमध्ये, किंवा मीच घेतलं असेल."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आठवत नाही याचा अर्थ तिची संमती नव्हती, ती त्या अवस्थेत संमती देऊच शकत नव्हती, तिने स्वतःच्या हाताने घेतलं असलं तरीसुद्धा. पण तिच्या मनात गुन्हेगार कोण, तर ती स्वतः! कारण आपण तिला लहानपणापासून हेच शिकवलंय की ड्रग्ज घेणारी मुलगी वाईट, त्यामुळे तिच्यावर काही झालं तरी ते तिनेच ओढवून घेतलेलं. मी तिला एका बाई डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, त्यांना फोन करून ठेवते म्हटलं, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर दिला. तिने चिठ्ठी घेतली आणि गेली, परत आली नाही. तिचं वय मी विचारलं नव्हतं, आणि ते का विचारलं नाही हाच खरा मुद्दा आहे.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा. त्यात १८ च्या आतलं कोणीही मूल, त्याची संमती धरतच नाहीत. आणि कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झालाय हे ज्या कोणाला कळेल त्याने पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक, माझ्यासारखा दुकानदार, सगळे त्यात आले. हा कायदा चांगल्यासाठी आला, घरातल्या-शेजारच्या नराधमांपासून मुलं वाचावीत म्हणून आला आणि त्यासाठी तो हवाच. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा, दोघं एकमेकांच्या मर्जीने जवळ आले, तरी तो मुलगा आरोपी होतो. मुलांना हे माहिती असतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त माहिती असतं. म्हणून ती डॉक्टरची पायरीच चढत नाहीत. म्हणजे जिच्यावर खरोखर अत्याचार झाला ती पण येत नाही आणि जिला फक्त तपासणी हवी होती ती पण येत नाही.

आता यात वेळेचं गणित बघा. गर्भ राहू नये म्हणून गोळी ७२ तासांत. एचआयव्हीचा धोका झाला असेल तर पेप म्हणून औषधं असतात, तीही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात, एकदा तो वेळ गेला की त्यांचा उपयोग नाही. १८ च्या आतल्या मुलाची एचआयव्ही टेस्ट पालकांच्या संमतीशिवाय होत नाही. गर्भपातालाही १८ च्या आत पालकांची लेखी संमती लागते. सोळा वर्षांच्या मुलाने ७२ तासांत आधी घाबरायचं, मग कोणाला तरी विश्वासात घ्यायचं, मग आईबाबांना सांगायचं, त्यांचा मार खायचा, त्यांचं रडून झालं की मग हॉस्पिटल. कुठल्या घरात हे तीन दिवसांत होतं, मला सांगा.

सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातली एक गाठ थोडी सैल केली आहे आणि ते फार कमी लोकांना माहितीये म्हणून मुद्दाम लिहिते. १८ च्या आतली मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव, ओळख उघड करायची गरज नाही. किती दवाखान्यांत हे पाळलं जातं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या बहुतेक डॉक्टरांचं उत्तर एकच, नको ती भानगड, ससूनला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला, पाठवतो. आणि मुलगी ससूनला जात नाही, ती व्हॉट्सअॅपवरून कोणाकडून तरी एमटीपी किट, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या, मागवते. एफडीएच्या, म्हणजे औषध दुकानं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, कटकटीमुळे आमच्यासारखी बरीच दुकानं ते किट ठेवतच नाहीत, त्यामुळे मिळतं ते चोरून, किती आठवड्यांचा गर्भ आहे हे न बघता, सोनोग्राफीशिवाय. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून जीव जाऊ शकतो.

मुलांचं, म्हणजे मुलग्यांचं बोलतच नाही कोणी. ती येतात खाजेचं क्रीम मागायला. कुठे आहे विचारलं की नजर खाली. काहीतरी स्टेरॉइडवालं क्रीम कोणीतरी देतं, चार दिवस बरं वाटतं. सिफिलिस, ज्याला जुनी माणसं गरमी म्हणायची, त्याची पहिली जखम दुखतसुद्धा नाही आणि आपोआप भरते, पोराला वाटतं गेलं, आणि रोग आत तसाच राहतो, जिच्याजवळ जाईल तिला देतो. वेळेत कळलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो, इतकं साधं आहे. मुलींमध्ये क्लॅमिडिया, गनोरियाची लक्षणं बऱ्याचदा दिसतच नाहीत आणि आतल्या नळ्या खराब झाल्या की लग्नानंतर मूल होत नाही म्हणून आयव्हीएफचे लाखो रुपये भरत बसतात. तेव्हा कोणी मागे जाऊन सतराव्या वर्षाचा हिशोब लावत नाही.

आणि सिरिंज. हे लिहू की नको असं वाटत होतं पण लिहितेच. मेफेन्टरमाइन नावाचं एक इंजेक्शन आहे, भूल देताना पेशंटचं बीपी खाली गेलं तर ते वर आणायला वापरतात. ते जिमवाल्या पोरांमध्ये पसरलंय, ताकद येते, व्यायाम जास्त होतो म्हणून, पुणे पोलिसांनी असे विकणारे पकडलेही आहेत. आमच्याकडे ते इंजेक्शन मिळत नाही पण इन्सुलिनच्या सिरिंज मागायला येतात, एक किंवा दोन, पूर्ण पाकीट नाही. डायबेटिसचा पेशंट कधी अशी एकेक सिरिंज नेत नाही, मला लगेच कळतं. एका पोराला मी सरळ विचारलं, किती जण आहात? तो म्हणाला चौघं. आणि सिरिंज? एक. मी त्याला चार दिल्या आणि पाच मिनिटं थांबवून सांगितलं की एकाच सुईने एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तिन्ही जातात, आणि हे औषध हृदय बंद पाडू शकतं. नवऱ्याचं आणि माझं यावरून मोठं भांडण झालं. तो म्हणतो तू त्यांना मदत करतेस. मी म्हणते मी नाही दिल्या तर ते सोडणार नाहीत, एकाच सुईवर चौघं करतील. ही काही माझ्या मनाची कल्पना नाही, सरकारचाच एड्स नियंत्रण कार्यक्रम इंजेक्शनने नशा करणाऱ्या मोठ्या माणसांना नव्या सुया देतो, जुन्या परत घेतो, कारण त्याने एचआयव्ही पसरणं कमी होतं. त्रिपुरात ८२८ विद्यार्थी एचआयव्ही पॉझिटिव्ह अशी बातमी २०२४ मध्ये देशभर फिरली, नंतर तिथल्या एड्स नियंत्रण सोसायटीने खुलासा केला की तो आकडा २००७ पासूनचा आहे, पण मुलं शिरेतून नशा करत होती हे काही खोटं नव्हतं.

आता लोक म्हणतील की हे सगळं उघड बोललं, शाळेत शिकवलं, तर मुलांच्या डोक्यात नसलेलं भरेल. हाच युक्तिवाद करून २००७ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांतून बंद केला होता. त्यानंतर सगळ्यांच्या हातात मोबाईल आला. मुलांच्या डोक्यात भरायचं ते पॉर्नने भरलं, पूर्ण चुकीचं भरलं, आणि आपण गप्प. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. त्यांच्या वडिलांच्या नावाने आमचं कर्वेनगर. शंभर वर्षं उलटली आणि इथल्याच शाळेत बाई तो धडा आला की "घरी वाचा" म्हणून पुढे जातात, माझ्या पोरीच्या वर्गात हेच झालं. एचपीव्हीची लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली, सर्वाव्हॅक, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, ९ ते १४ च्या मुलींना दोन डोस पुरतात. आया विचारतात एवढ्या लहान मुलीला कशाला? अहो, संबंध यायच्या आधी दिली तरच ती नीट काम करते म्हणून! माहितीचं पण तसंच आहे, ती आधी द्यायची असते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मुलांना पालकांशिवाय टेस्ट, सल्ला, उपचार मिळायला लागले आणि डॉक्टरला कळवायची सक्ती सैल केली, तर एखादा तीस वर्षांचा माणूस पोरीला फसवून तिला गुपचूप क्लिनिकला नेईल आणि सुटेल. हे होऊ शकतं. फुकट माल देऊन सवय लावायची आणि मग पैसे नाहीत तर दुसऱ्या मार्गाने वसूल करायचं, व्हिडिओ काढून धमकवायचं, हे चालतं. म्हणून माझं म्हणणं सक्ती सरसकट काढा असं नाही. वयात मोठा फरक असेल, जबरदस्ती असेल, नशा देऊन झालं असेल, पैसे किंवा व्हिडिओ मध्ये असेल, तर कळवायलाच पाहिजे. पण दोन जवळपासच्या वयाच्या मुलांचं मर्जीने झालेलं असेल तर डॉक्टरला गप्प राहायची मुभा द्या, आणि तपासणी-औषध आधी, चौकशी नंतर, हा क्रम कायद्यात लिहा. उलट असं दार असेल तरच ती फसवली गेलेली मुलगी कोणाच्या तरी नजरेस पडेल. आज ती कोणालाच दिसत नाही.

कॉलेजांचा प्रकार तर विचारू नका. एका पालकसभेत प्राचार्य अभिमानाने सांगत होते की गांजा सापडला की त्याच दिवशी दाखला हातात. टाळ्या पडल्या! मला उठून विचारावंसं वाटलं आणि मी विचारलंही, की दाखला घेऊन ते पोर कुठे गेलं हे तुम्हाला माहितीये का? उत्तर नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातसुद्धा कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर थोड्या प्रमाणातल्या मालासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. म्हणजे एवढा कडक कायदा पण उपचाराचं दार उघडं ठेवतो आणि आपली कॉलेजं ते बंद करतात. याच पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलेलं, तिथे व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून वागवतात. ते बघायला प्राचार्यांनी लांब जायची गरज नाही, येरवड्यात आहे.

आणि हा सगळा पब-पार्टीवाल्या श्रीमंत पोरांचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी स्टेशनच्या आसपास किंवा कुठल्याही वस्तीत जाऊन सोल्युशन हुंगणारी दहा-बारा वर्षांची पोरं बघावीत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के आणि १० ते १७ च्या मुलांमध्ये १.१७ टक्के निघालं. हा एकच प्रकार असा की ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. त्या पोरांवर रात्री काय काय होतं ते विचारायला कोणी जात नाही, त्यांचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत.

सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात, २०१४ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. पण सरकारी ओपीडीची वेळ सकाळची, म्हणजे नेमकी कॉलेजची, आणि केसपेपर काढायला रांगेत शेजारच्या काकू. महापालिकेने संध्याकाळी सहा ते नऊ असं एक क्लिनिक प्रत्येक भागात चालवावं, एका ठिकाणी व्यसनाचं, गर्भाचं, गुप्तरोगांचं, मनाचं सगळं, एक डॉक्टर, एक समुपदेशक, आत जाताना आधार कार्ड मागायचं नाही. पबवर हातोडा चालवायला एका रात्रीत माणसं मिळाली, यालाही मिळतील.

तोपर्यंत पालकांनी एक करावं. जूनमध्ये शाळा-कॉलेजची पहिली सभा असते, तिथे फी आणि बसचं बोलून झालं की उभं राहून विचारा की माझ्या मुलाने तुमच्या समुपदेशकाला नशेबद्दल किंवा संबंधांबद्दल काही सांगितलं तर त्याचं नाव स्टाफरूममध्ये जाणार का, त्याचा दाखला निघणार का, आणि नाही तर तसं लेखी द्या. नशामुक्तीचा १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, एड्सचा १०९७ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे चार नंबर नोटीस बोर्डवर नाही, मुलामुलींच्या टॉयलेटच्या दाराला आतून लावायला सांगा, म्हणजे बघताना कोणी बघणार नाही. आणि कोणी आलंच घरी सांगायला, तर पहिल्यांदा "कधी झालं" हे विचारा, कोणाबरोबर ते नंतर.